चोर सोडून संन्याशाला फाशी: पावसाळ्यात रिव्हर्स पॉवरवर पुन्हा पुन्हा ट्रिप होणारा जनरेटर

लक्षण असं. तेल टर्मिनलच्या किंवा गॅस प्रोसेस प्लांटच्या स्वतःच्या पॉवर स्टेशनमध्ये दोन गॅस टर्बाइन जनरेटर ११ केव्हीच्या एकाच बसवर (दोघांची वीज जिथे एकत्र येते ती सामाईक पट्टी) आयसोक्रोनस लोड शेअरिंगमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सी एकाच आकड्यावर धरून लोड वाटून घेत, चालू आहेत, तिसरा स्टँडबाय आहे. बाहेरच्या ग्रिडचा ब्रेकर उघडा, म्हणजे जोड तोडलेली (ब्रेकर बंद म्हणजे जोड चालू). मे अखेरपर्यंत सगळं सुरळीत असतं. मृग लागतो, चार दिवस झड बसते, आणि एका रात्री दोन नंबरचं मशीन आपला लोड सोडायला लागतं. ४ मेगावॅटवरून ३, मग २, मग शून्य, मग उणे. रिव्हर्स पॉवर रिले, म्हणजे मशीन वीज द्यायच्या ऐवजी ओढायला लागलं की पकडणारा ३२ नंबर, त्याचा ब्रेकर उडवतो. सगळा लोड एक नंबरवर येतो. लोड शेडिंग वेळेत झालं तर निभावतं, नाही तर अख्खा प्लांट अंधारात.

सकाळी दोन नंबरच्या गव्हर्नरचं, म्हणजे इंधन कमी-जास्त करून वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकाचं, कार्ड बदलतात. तेवढ्यात पाऊस उघडतो, मशीन छान चालतं, बिघाड सापडला असं लॉगबुकात लिहिलं जातं. पुढच्या झडीला पुन्हा तेच.

कार्ड बहुतेक वेळा चांगलंच असतं. मुळात रिव्हर्स पॉवरवर जे मशीन पडलं तेच बिघडलं, हे गृहीत धरणंच चुकीचं आहे. एका बसवर दोन मशीन असताना एकाने लोड ओरबाडला तर दुसऱ्याला तो सोडावाच लागतो, कारण फ्रिक्वेन्सी दोघांची एकच. ३२ नंबरचा रिले पडणाऱ्याला पकडतो, ढकलणाऱ्याला नाही.

यामागचं गणित साधं आहे. आयसोक्रोनस गव्हर्नर फ्रिक्वेन्सी नेमकी ५० वर धरून ठेवतो. असे दोन गव्हर्नर एका बसवर एकमेकांशी न बोलता सोडले, आणि एकाच्या मते ५० म्हणजे ५०.०० तर दुसऱ्याच्या मते ५०.०२ असेल, तर दुसरा इंधन वाढवत राहतो आणि पहिला कमी करत राहतो. थांबायचं कारण दोघांनाही नसतं. ०.०२ हर्ट्झचा फरकही एका मशीनला हळूहळू मोटर बनवायला पुरेसा आहे. हे होऊ नये म्हणून लोड शेअरिंगची लाइन असते: प्रत्येक गव्हर्नर आपला टक्का तिच्यावर टाकतो आणि सरासरीशी ताडून बघतो. ही बोलाचाली तुटली की पडेल ते मशीन, ज्याचा स्पीड रेफरन्स केसभर खाली आहे. दोष कुठे आहे याच्याशी त्याचा संबंधच नाही.

आधी ट्रेंड, मग स्क्रूड्रायव्हर

डीसीएसच्या (प्लांटच्या मुख्य नियंत्रण यंत्रणेच्या) हिस्टोरियनमधले, म्हणजे नोंदसंग्रहातले, ५-५ सेकंदांचे ट्रेंड इथे निरुपयोगी. त्यात डेडबँडही (छोटे बदल न नोंदणारी मर्यादा) लावलेला असतो, त्यामुळे हालचाल दिसायच्या आधीच गाळली जाते. गव्हर्नरच्या स्वतःच्या डेटालॉगरवर किंवा टर्बाइन पीएलसीवर (नियंत्रण संगणकावर) सेकंदाला किमान १० नमुने घेणारा ट्रेंड लावा. दोन्ही मशीनचे किलोवॅट, फ्रिक्वेन्सी, फ्यूल व्हॉल्व्हची कमांड, व्हॉल्व्हचा फीडबॅक, एक्झॉस्ट तापमान, लोड शेअरिंग लाइनचं व्होल्टेज आणि ब्रेकर बंद असल्याचा इनपुट एवढं त्यात हवंच. सिक्वेन्स ऑफ इव्हेंट्स रेकॉर्डर १ मिलिसेकंदाचा असेल तर पहिली ओळ तिथून वाचा, अलार्म लिस्टमधून नाही. अलार्म लिस्ट पीएलसीच्या स्कॅनच्या क्रमाने येते, घटनांच्या क्रमाने येईलच असं नाही.

पुढच्या वेळी मशीन पडलं की ट्रेंड असा वाचायचा.

पडणाऱ्या मशीनचे किलोवॅट उतरत आहेत आणि त्याची व्हॉल्व्ह कमांडही सोबत उतरते आहे, फ्रिक्वेन्सी मात्र सरळ: म्हणजे गव्हर्नरने स्वतःहून लोड सोडला, दोष शेअरिंगच्या बाजूला आहे. किलोवॅट उतरत आहेत पण कमांड उलट चढते आहे: गव्हर्नर इंधन मागतो आहे आणि ते मिळत नाही. मग कंट्रोल पॅनेल उघडूच नका. गॅस स्क्रबरची लेव्हल, फिल्टरचा दाबफरक आणि व्हॉल्व्ह बघा. कमांड आणि फीडबॅकमध्ये एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक टिकून राहत असेल तर व्हॉल्व्ह अडकतो आहे. फक्त एवढं बघितलं तरी निम्मं काम वाचतं, आणि नेमकं हेच कोणी बघत नाही.

दोन्ही मशीनवर लोड सारखाच आहे पण फ्रिक्वेन्सी ४९.८ च्या आसपास जाऊन बसली आहे: शेअरिंग लाइन तुटलेली नाही, तिच्यात गळती आहे. ओल्या जंक्शन बॉक्समध्ये दोन तारांमध्ये पाणी आलं की लाइनचं व्होल्टेज खाली ओढलं जातं. प्रत्येक गव्हर्नरला वाटतं आपण सरासरीपेक्षा वर आहोत, आणि दोघेही हात आखडतात.

लोडचं वाटप बिघडलं आहे पण एका प्रमाणात स्थिर आहे, उदाहरणार्थ ८ मेगावॅटपैकी ४.८ आणि ३.२: हा लोड सेन्सरचा दोष. तीन एलिमेंटच्या सेन्सरला एका फेजचं व्होल्टेज मिळेनासं झालं की तो खऱ्याच्या दोन तृतीयांश किलोवॅट दाखवतो. ४.८ चे दोन तृतीयांश ३.२, म्हणून गव्हर्नरच्या लेखी वाटप अगदी समान आहे. पीटीचा, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज काढून बघा. नुसता जळलेला नसेल, तर क्लिपमध्ये हिरवट गंज असेल. ४.८ वालं मशीन दोषी, ३.२ वालं निर्दोष.

दोघांचे किलोवॅट एकमेकांच्या उलट झुलत आहेत आणि फ्रिक्वेन्सी सरळ आहे, तर शेअरिंगचा गेन (फरकाला प्रतिसाद देण्याची तीव्रता) जास्त आहे. फ्रिक्वेन्सीही झुलत असेल तर स्पीड पिकअपकडे, म्हणजे वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे, बघा. दातेरी चाकापासून त्याचं अंतर साधारण अर्धा ते एक मिलिमीटर असतं, आणि टोकाला चिकटलेला लोखंडी गंजाचा चुरा सिग्नलची वाट लावतो. झुलण्याचा ठेका एखाद्या रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरच्या फेऱ्यांशी जुळत असेल तर तो बिघाड नाही, त्या लोडचा स्वभाव आहे. त्याच्यामागे गेन फिरवत बसू नका.

एक गल्लत मात्र नेहमी होते: करंट असमान दिसला की लोड शेअरिंग बिघडलं असं म्हणतात. किलोवॅट इंधनावर चालतात, किलोव्हार (रिॲक्टिव्ह पॉवर) एक्सायटेशनवर, म्हणजे रोटरच्या चुंबकत्वावर. किलोवॅट सारखे आणि अँपिअर वेगळे असतील तर गव्हर्नरला हात लावू नका, एव्हीआरचा (व्होल्टेज नियंत्रकाचा) ड्रूप किंवा क्रॉस करंटची जोडणी बघा. पडताळणीसाठी साधा हिशोब करा: ११ केव्ही, २०० अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर १.७३२ × ११ × २०० × ०.८५, म्हणजे सुमारे ३,२४० किलोवॅट. प्रोटेक्शन रिले, एनर्जी मीटर आणि गव्हर्नर हे तिघेही या आकड्याजवळ हवेत. जो वेगळा बोलतो तो खोटा. सीटीचं (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं) सेकंडरी तपासताना आधी शॉर्टिंग लिंक मारायची, मगच टर्मिनल सोडायचं. चालू मशीनचं सीटी उघडं राहिलं तर टोकांवर हजारो व्होल्ट येतात.

खरा चोर: ब्रेकरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट

वाटप अचानक सुटत असेल आणि पावसाळ्यातच सुटत असेल, तर सगळ्यात आधी इथे या.

गव्हर्नर लोड शेअरिंगमध्ये केव्हा येतो? ब्रेकर बंद झाल्याचा सिग्नल मिळाला की. हा सिग्नल ब्रेकर बंद की उघडा हे सांगणाऱ्या त्याच्या ५२-ए ऑक्झिलरी कॉन्टॅक्टमधून, बहुधा एका इंटरपोझिंग (मधल्या) रिलेतून, २४ व्होल्टवर गव्हर्नरच्या किंवा पीएलसीच्या डिजिटल इनपुटला जातो. काही मिलिसेकंद जरी तो गेला, तरी ब्रेकर उघडला असं समजून गव्हर्नर शेअरिंग लाइन सोडतो. बऱ्याच गव्हर्नरमध्ये त्याच क्षणी डायनॅमिक्सही (प्रतिसादाच्या सेटिंग्जही) ऑफलाइनची लागू होतात, म्हणून मशीन थोडं झुलतानाही दिसतं. ब्रेकर प्रत्यक्षात बंदच असतो, त्यामुळे मिमिकवर, म्हणजे पडद्यावरच्या आकृतीवर, कोणालाच काही वावगं दिसत नाही.

हा कॉन्टॅक्ट इथेच का दगा देतो? तो चांदीचा असतो. तेल-वायूच्या प्लांटमध्ये हवेत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असतो, त्याने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर धरतो, घरातली चांदीची वाटी काळी पडते तसाच. किनाऱ्यावर त्यात मिठाचे कण बसतात. ते ओलावा ओढतात आणि थर जाड होत जातो. ११० व्होल्टच्या सर्किटमध्ये असा थर भेदून करंट जातो. २४ व्होल्टच्या, ५-७ मिलिअँपिअरच्या सर्किटमध्ये तो अडतो. काहीच चालू-बंद न होता कॉन्टॅक्ट महिनोन्‌महिने तसाच मिटून बसलेला असल्यामुळे घासून साफ होण्याचीही सोय नाही.

पीएलसीच्या २४ व्होल्ट डीसी टाइप १ इनपुटचे नियम आयईसी ६११३१-२ मध्ये दिलेले आहेत: १५ व्होल्टच्या वर असेल तर नक्की 'एक', ५ च्या खाली नक्की 'शून्य', मधल्या पट्ट्यात काय वाचलं जाईल याची हमी नाही. कॉन्टॅक्टवर ९-१० व्होल्ट गळाले की इनपुटवर १४ उरतात. म्हणजे तो पाऊस, कंप आणि कार्डाचं तापमान यांच्या मर्जीवर चालतो.

मोजणी अशी करायची. मशीन चालू, ब्रेकर बंद, मोजमापाचं परमिट हातात. आधी २४ व्होल्ट सप्लाय थेट मोजा, समजा २४.३ आला. मग इनपुट कार्डाच्या टर्मिनलवर मोजा, २४ च्या आसपास हवा. मग ब्रेकर क्यूबिकलमध्ये त्याच कॉन्टॅक्टच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावा. चांगल्या कॉन्टॅक्टवर ०.१ व्होल्टसुद्धा दिसत नाही. १ व्होल्ट दिसला तर कॉन्टॅक्ट बाद समजा, मशीन आज नीट चालत असलं तरी. इंटरपोझिंग रिलेच्या कॉन्टॅक्टवरही हेच करा, आणि स्टँडबाय मशीनवर तर करायला काहीच हरकत नाही. मीटर ओहमवर ठेवून जिवंत सर्किटला लावू नका. आणि चालू मशीनचा रिले टिचकी मारून तपासायची सवय असेल तर ती सोडा. ती टिचकीच ट्रिप घडवते.

उपाय तीन, एकावर एक.

एक, इंटरपोझिंग रिले सोन्याचा मुलामा असलेल्या दुहेरी कॉन्टॅक्टचा लावा. साध्या चांदीच्या रिलेला पॉलिश पेपर मारू नका. थर जातो, पण पृष्ठभाग खरखरीत होऊन पुढच्या वेळी आणखी लवकर काळा पडतो. सोन्याच्या मुलाम्याला तर पेपर लागला की मुलामाच संपला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नाही तर रिलेच बदला.

दोन, ब्रेकरच्या क्यूबिकलमध्ये ५२-ए ला ११० व्होल्ट डीसीवर इंटरपोझिंग रिले चालवू द्या, आणि २४ व्होल्टचा सिग्नल त्या रिलेच्या सोन्याच्या कॉन्टॅक्टवरून घ्या. ऑक्झिलरी स्विचमध्ये मोकळा कॉन्टॅक्ट असेल तर दुसरा रिले पहिल्याला समांतर जोडा.

तीन, लॉजिक. ५२-ए आणि त्याच्या उलट चालणारा ५२-बी दोन्ही घ्या, आणि दोन्ही एकाच स्थितीत २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त राहिले तर विसंगतीचा अलार्म द्या. ५२-ए सुटला पण जनरेटरचा करंट अजून चालू आहे, तर ब्रेकर उघडलेला नाही हे उघड आहे. अशा वेळी गव्हर्नरला मोड बदलू देऊ नये. खऱ्या लोड रिजेक्शनमध्ये करंट लगेच शून्य होतो, त्यामुळे उशीर फार होत नाही. तरीही हा बदल ओव्हरस्पीडशी जोडलेला आहे. टर्बाइन बनवणाऱ्याची लेखी संमती आणि बदल व्यवस्थापनाचा कागद झाल्याशिवाय शिफ्टमध्ये बसून लॉजिक बदलू नका.

शेअरिंग लाइन

जुन्या ॲनॉलॉग पद्धतीत लाइनवर ० ते ३ व्होल्ट डीसी असतो, ३ म्हणजे पूर्ण लोड. दोन्ही मशीन ५० टक्क्यांवर असतील तर १.५ च्या आसपास दिसायला हवा. दोन्ही पॅनेलांत मोजा. एका टोकाला १.५ आणि दुसऱ्या टोकाला वेगळाच आकडा म्हणजे तार मध्येच तुटली. दोन्हीकडे सारखाच पण कमी, म्हणजे गळती. शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेली (जमिनीला जोडलेली) असावी. दोन्ही टोकांना केली की वीज चमकल्यावर अर्थचा करंट तिच्यातून पळतो.

डिजिटल पद्धतीत कॅन बस (दोन तारांचं डेटा नेटवर्क) असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो. सगळे गव्हर्नर बंद करून दोन तारांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर सुटला किंवा कनेक्टर गंजला. अशी बस कोरड्या दिवशी चालते, म्हणून फसवते.

पाणी आत येतं कुठून

कोकणात जून ते सप्टेंबर बाहेरचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास राहतो. कंट्रोल रूमचा एसी १८ वर ठेवला आणि मागचं दार उघडलं, की थंड पॅनेलच्या पत्र्यावर, कार्डांवर, टर्मिनलांवर सरळ पाणी सुटतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखं. एसी २४ वर ठेवा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राखा. स्टोअरच्या एसीतून आणलेलं कार्ड पाकिटातच तास-दोन तास बाहेर राहू द्या, मग उघडा. झडीत घाईघाईने बसवलेलं 'नवं कार्डही खराब निघालं' ही तक्रार बऱ्याचदा याच पाण्याची असते.

स्पेस हीटर आहे याचा अर्थ तो चालतो असा नाही. ६० वॅटचा हीटर २४० व्होल्टवर पाव अँपिअर घेतो. क्लॅम्प मीटर लावून बघा, हात लावून नाही. वापरात नसलेल्या ग्लँडच्या भोकांत प्लग आहेत का? वरून येणाऱ्या केबलला खाली झोल दिला आहे का, की थेंब तारेवरून ओघळत थेट टर्मिनलवर येतो? धोक्याच्या क्षेत्रातल्या फ्लेमप्रूफ बॉक्सचे सगळे बोल्ट जागेवर हवेत, आणि त्याच्या सांध्यात रबर गॅस्केट किंवा सिलिकॉन भरायचं नाही. त्याने पाणी थांबेल, पण स्फोटरोधकपणा जाईल. तिथे प्रमाणित ब्रीदर-ड्रेन प्लग आणि उत्पादकाने मान्य केलेलं ग्रीस एवढंच चालतं. उघडण्याआधी परमिट, गॅस टेस्ट आणि सप्लाय बंद.

गंजाचा वेग मोजायला तांब्या-चांदीच्या पट्ट्या खोलीत महिनाभर टांगतात. आयएसए ७१.०४ नुसार तांब्यावर महिन्याला ३०० ॲंगस्ट्रॉमच्या खाली थर असेल तर हवा सौम्य, म्हणजे जी-१. २,००० च्या वर गेला तर जीएक्स, आणि तिथे साधी इलेक्ट्रॉनिक्स टिकण्याची आशा ठेवू नये. पट्टी जी-१ मध्ये नसेल तर कार्डांवर कन्फॉर्मल कोटिंग (संरक्षक लेप) मागवा, आणि खोलीला रासायनिक फिल्टरमधून येणाऱ्या हवेचा धन दाब द्या.

याच पाण्याचा दुसरा अवतार म्हणजे ११० व्होल्ट डीसीचा अर्थ फॉल्ट. ५५ सेलच्या बॅटरीचं फ्लोट व्होल्टेज १२२ च्या आसपास असतं. निरोगी असेल तर अर्थपासून अधिक ६१ आणि उणे ६१. एक बाजू ११५ आणि दुसरी ७ दिसली तर सात दाखवणारी बाजू कुठेतरी जमिनीला टेकली आहे. एका फॉल्टने काही पडत नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने पडून राहतो. दुसऱ्या पावसात दुसरा फॉल्ट आला की ट्रिप कॉइल कोणाच्याही आदेशाविना चालू शकते. फॉल्ट शोधायला चालू प्लांटमध्ये एकेक एमसीबी पाडत बसू नका. कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडणारा पोर्टेबल ट्रेसर वापरा. बहुतेक वेळा टोक निघतं बाहेरच्या एखाद्या लिमिट स्विचमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरच्या बुखोल्झ रिलेच्या बॉक्समध्ये.

शेअरिंगसारखं दिसणारं, पण शेअरिंग नसलेलं

पावसाळी वाऱ्यात मीठ आणि ओल दोन्ही. टर्बाइनच्या इनटेक फिल्टरवरचं मीठ पाणी पितं, फिल्टरचा दाबफरक वाढतो, काही मीठ आत जाऊन कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतं. मशीन एक्झॉस्ट तापमानाच्या मर्यादेला लवकर टेकतं. मर्यादा लागली की इंधनाचा ताबा स्पीड किंवा लोडकडे राहत नाही, तापमान नियंत्रकाकडे जातो. मग लोड वाढला तरी हे मशीन हलत नाही, सगळी वाढ दुसऱ्यावर जाते. ट्रेंडमध्ये एक्झॉस्ट तापमान छताला लागून सपाट दिसलं तर गव्हर्नर निर्दोष आहे. कॉम्प्रेसर वॉश करा, फिल्टर बदला.

टर्बाइनच्या पाटीवरचा आकडा १५ अंशांचा असतो. तापमान एक अंश वाढलं की क्षमता साधारण अर्धा ते एक टक्का उतरते. ३३ अंशांना ६ मेगावॅटचं मशीन ५ ते ५.४ च्या आसपासच देतं. पॉवर मॅनेजमेंट सिस्टिममध्ये स्पिनिंग रिझर्व्हचा (चालू मशीनमध्ये हाताशी असलेल्या जादा क्षमतेचा) हिशोब पाटीवरच्या ६ वर बसवला असेल तर कागदावर शिल्लक दिसते, प्रत्यक्षात नसते.

पडलं तर किती वेळ मिळतो

५ मेगावॅटची, ६.२५ एमव्हीएची दोन मशीन, प्रत्येकावर ४ मेगावॅट. एक पडलं की उरलेल्यावर ८ आले. तुटवडा त्या क्षणी ४ मेगावॅट. इनर्शिया स्थिरांक (फिरत्या भागांत पूर्ण रेटिंगवर किती सेकंद पुरेल एवढी ऊर्जा साठली आहे) ३ सेकंद धरला तर फ्रिक्वेन्सी उतरण्याचा वेग ५० × ४ भागिले (२ × ३ × ६.२५), म्हणजे सेकंदाला ५.३ हर्ट्झ. ४७.५ गाठायला अर्धा सेकंदही लागत नाही. त्यात ब्रेकर उघडायलाच ५०-६० मिलिसेकंद जातात. म्हणून ट्रिपवर आधारित लोड शेडिंग हार्डवायर्ड हवं. नेटवर्कवरून, दोन पीएलसींच्या स्कॅनमधून फिरून येणारा आदेश वेळेत पोचेलच असं धरून चालू नका.

शेडिंग न चालण्याची कारणं मात्र बहुतेकदा कारकुनी. नवा क्रूड पंप बसला, पण प्राधान्य यादीत आलाच नाही. फीडरच्या ट्रान्सड्यूसरचं (मेगावॅट मोजून सिग्नल देणाऱ्याचं) टर्मिनल गंजलं आणि ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल ४ वर गोठला, मग यादीच्या लेखी तो फीडर शून्य मेगावॅटचा, त्याला पाडून काही मिळणार नाही. किंवा सिग्नल १२ वर गोठला, तर बंद मोटर पाडून २ मेगावॅट वाचल्याचा भ्रम. ब्रेकर उघडा असताना मेगावॅट दिसत असेल, किंवा बंद असताना शून्य दिसत असेल, तर तो फीडर यादीतून आपोआप वगळून अलार्म येईल असं लॉजिक घाला. इन्स्ट्रुमेंट एअर कॉम्प्रेसर, ल्यूब ऑइल पंप आणि कूलिंग वॉटर कधीच पाडायच्या यादीत नकोत. मोठे एक्स्पोर्ट पंप आणि गॅस कॉम्प्रेसर आधी.

दोष सापडेपर्यंत चालवायचं कसं

एक मशीन ड्रूपमध्ये, म्हणजे लोड वाढला की वेग थोडा उतरू देणाऱ्या मोडमध्ये, टाका, दुसरं आयसोक्रोनसमध्ये ठेवा. ४ टक्के ड्रूप म्हणजे शून्य ते पूर्ण लोडला २ हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी आयसोक्रोनस मशीनने ५० वर धरली की ड्रूपवालं दिलेल्या किलोवॅटवर चिकटून बसतं आणि सगळी चढउतार आयसोक्रोनसवाला घेतो. शेअरिंग लाइनची गरजच उरत नाही. अट एकच: आयसोक्रोनस मशीनला वर आणि खाली, सगळ्यात मोठी मोटर चालू-बंद होण्याएवढी जागा हवी. म्हणून मोठी मोटर चालू करण्याआधी ऑपरेटरने ड्रूपवाल्याचा लोड हाताने जुळवून घ्यायचा. ज्या मशीनचा ५२-ए संशयित आहे त्यालाच ड्रूपमध्ये टाका, पण त्या गव्हर्नरमध्ये कॉन्टॅक्ट सुटल्यावर ड्रूप कायम राहतो की तो स्पीड मोडला जातो हे आधी मॅन्युअलमध्ये बघा.

रिव्हर्स पॉवरची सेटिंग वाढवणं किंवा रिले बायपास करणं हा उपाय नाही. मोटर बनलेल्या सिंगल शाफ्ट गॅस टर्बाइनला फिरवायला रेटिंगच्या निम्मी किंवा त्याहूनही जास्त पॉवर लागू शकते, कारण कॉम्प्रेसर हवा ओढतच राहतो. म्हणजे चालू मशीनवर प्लांटचा लोड आणि वर हे मढं. दोन शाफ्टच्या टर्बाइनला १०-१५ टक्क्यांत होतं, म्हणून तिथे सेटिंगही खाली असते. दुसऱ्या स्टेशनची सेटिंग नक्कल करू नका.

आणि या सगळ्यात बदललेली जुनी कार्डं भंगारात टाकू नका. तारीख, मशीन नंबर आणि त्या वेळचं लक्षण लिहिलेला टॅग लावून ठेवा, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये टेस्ट बेंचवर लावा. चांगली निघाली तर प्रत्येक कार्डावर 'तपासले, निर्दोष' असा शिक्का मारून स्टोअरला परत. पुढच्या मृगाला पुन्हा कोणी कार्ड मागायला आलं, की आधी त्याला ५२-ए चं व्होल्टेज विचारायला स्टोअरवाल्याला सांगून ठेवा.